ह्यो कुणाचा?

आमच्या घरमालकांच्या सदऱ्याच्या एका खिशात खडू असे आणि दुसऱ्यात शेंगदाणे. शेंगदाणे खाण्यासाठी नसत आणि खडू लिहिण्यासाठी नसे. दोन्ही लाकडासाठी होते. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मला त्या दोन खिशांची इतकी धास्ती होती, की अजूनही घरात कुणी शेंगा फोडायला बसलं की मी आधी दाराच्या चौकटीकडे बघते.

सातारला त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. मोठा भूकंप झाला त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. माझे यजमान कचेरीत कारकून आणि मी म्हसवडहून नुकतीच लग्न होऊन आलेली. घरमालकांना सगळी पेठ आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. ते फौजेत हवालदार होते, पण गोळ्या झाडण्यापेक्षा बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करण्यातच त्यांची नोकरी गेली. पेन्शनीत आले आणि काही वर्षांत पाटणच्या वरच्या अंगाला असलेलं त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. निघताना लोकांनी भांडी आणली, जनावरं आणली, देव आणले. आबांनी दारं आणली. दारं, चौकटी, खिडक्या, जिन्याचा कठडा, सगळं सागवान उतरवून सातारला आणलं आणि त्या मापानं भोवती भिंती उभ्या केल्या. लोक घराला दारं लावतात, आबांनी दारांना घर लावलं होतं.

रविवारी सकाळी आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून ते तपासणीला निघत. जिन्यात एकदा खोकत. तो खोकला म्हणजे आम्हाला सावधान. मग डोळे मिटून चौकटीवरून, फळ्यांवरून, खिडकीच्या गजांखालच्या लाकडावरून बोटं फिरवत जात. नवीन ओरखडा किंवा पोचा बोटाला लागला की डोळे उघडत, खडू काढून त्याभोवती गोल करत आणि विचारत, "ह्यो कुणाचा?"

ज्याचा असेल त्यानं "माझा" म्हणायचं. आबा "बरं" म्हणत आणि तिथल्या तिथे दुरुस्तीला बसत. एक शब्द रागाचा नाही. पण कुणी कबूल झालं नाही तर तो गोल तिथेच राहायचा, मग आठवडा होवो की महिना. तो पुसायची कुणाची छाती नव्हती. "फौजंत दस्त्याला चरा पडला म्हनून कुनी फाशी देत न्हाई," ते म्हणत. "रिपोर्ट न्हाई केला, तर मग हाय."

आमच्या यजमानांनी एकदा सायकलचं पायडल दारावर आपटलं आणि कबूल झाले नाहीत. कारकुनी स्वभाव, कागदावर आल्याशिवाय काही मान्य करायचं नाही. पाच आठवडे तो गोल आमच्या दारावर होता. त्यातच कचेरीतले साहेब चहाला आले आणि म्हणाले, "हे काय हो?" यजमान घाबरून म्हणाले, "मुलांचा खेळ." तेव्हा आम्हाला मूल नव्हतं. साहेब गेल्याबरोबर हे खाली धावले आणि आबांच्या पुढ्यात उभं राहून म्हणाले, "माझा." आबा म्हणाले, "बरं."

त्यांची दुरुस्ती बघायला मात्र मला फार आवडे. वरवरचा ओरखडा असेल तर खिशातला शेंगदाणा अर्धा चावून तो त्यावर घासत, आणि पांढरी रेघ बघता बघता लाकडात जिरून जाई. टवका उडाला असेल तर लाखेची कांडी तापवून जागा भरत. आणि पोचा असेल तर ओल्या फडक्याची घडी त्यावर ठेवून कोळशाच्या इस्त्रीचं टोक टेकवत. चुर्र वाफ निघे. फडकं उचलावं तर दबलेलं लाकूड फुगून वर आलेलं. "दबलंय ते उठतं," ते म्हणत. "गेलंय ते उठत न्हाई, ते भरायला लागतं." त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणे. त्या खालून ओरडत, "निम्मं शेंगदानं दारंच खात्यात! मानसांनी चटनी कशाची करायची?"

एक गोष्ट मात्र तेव्हाच नीट ऐकायला हवी होती. आमच्या दाराच्या चौकटीत कमरेच्या उंचीवर एक खोल खळगा होता. त्याभोवती कधी खडू फिरला नाही. एकदा शहाणपणा दाखवायला मी म्हटलं, "आबा, ह्यो राहिला की तुमचा." त्यांनी त्या खळग्यावर तळवा ठेवला. "ह्यो आमच्या बैलाच्या शिंगाचा. आन् ती खांबाची खाच दिसती न्हवं, ती आयच्या ताकाच्या रवीची दोरी घासून पडलीया. ती काढायची न्हाईत, पोरी. ती आमची हायत." मी बरं म्हटलं आणि पोळ्या लाटायला गेले.

मग मला मुलगी झाली. माहेराहून तिला घेऊन सातारला आले तेव्हा सांगलीहून पाळणा आला. तो माझ्या थोरल्या नणंदेचा. मी त्यांना वन्सं म्हणायची. शिवणीच्या लाकडाचा, वजनाला हलका. त्यांचा पहिला मुलगा वर्षाचा होता होता घटसर्पानं गेला होता. त्यानंतरची मुलगी त्याच पाळण्यात वाढली. गेलेल्या मुलाबद्दल घरात कुणी बोलत नसे, त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पाळणा आला तेव्हा आबा-मावशींना मात्र मी तेवढं सांगितलं होतं. पाळणा देताना वन्सं एवढंच म्हणाल्या होत्या, "सांभाळून वापर. मला परत पायजे." त्यांना आता पुन्हा दिवस गेले होते.

मुलगी साडेतीन महिन्यांची असताना एका मंगळवारी दुपारी पाळणा पडला.

दोऱ्या मी सकाळी धुतल्या होत्या आणि एका बाजूची कडी आकड्यात मीच अर्धवट अडकवली होती. तांदूळ निवडत पायानं दोरी ओढत होते. कडी निसटली आणि एक बाजू खाली पाट्यावर आपटली. पोरगी घसरून त्या टोकाला गेली. एक क्षण काहीच आवाज नाही. मग ती रडली. रडणं ऐकून इतकं बरं वाटल्याचा तो माझ्या आयुष्यातला एकच प्रसंग. तिला उचलली, डोकं चाचपलं, टेंगूळ नाही, खरचटलेलं नाही. दूध पिऊन ती झोपली. मी मात्र तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

संध्याकाळी यजमानांना पाळण्याचा पोचा दाखवला आणि म्हटलं, "कडी सुटली. रिकामा हुता."

का खोटं बोलले? कारण ते सांगलीला कळवतील ही भीती. जिचं मूल गेलं तिच्या पाळण्यातून मी माझं मूल पाडलं, हे वन्संच्या कानावर गेलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि एकदा रिकामा म्हटलं की डॉक्टरकडे तरी काय सांगून जायचं? त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरीच्या उजव्या कानाशी खुळखुळा वाजवायचा, मग डाव्या. मान वळवते का? कंदिलामागे डोळे फिरवते का? जास्त झोपली तरी काळजात धस्स, कमी झोपली तरी धस्स. आधी ती किती झोपायची हेच मला आठवेना.

रविवारी आबा आले. पाळणा काही त्यांच्या घराचं लाकूड नव्हे, म्हणून मी निर्धास्त होते. तरीही त्या बाजूला दुपटं वाळत घातलं होतं. त्यांनी दुपटं उचललं.

"ह्यो कुणाचा?"

"माझा, आबा. कडी निसटली. रिकामा हुता."

त्यांनी पोच्यात अंगठा ठेवला. "रिकामा पाळना एवढा दबत न्हाई," ते म्हणाले, आणि खडूनं गोल करून खाली गेले.

कबूल झाल्यावरही गोल पडल्याची ही पहिलीच वेळ. यजमान म्हणाले, "तू सांगितलंस न्हवं? मग ह्यो कशाला?" मी म्हटलं, "काय की." पुढचा आठवडाभर माझी मुलगी त्या गोलाशेजारी झोपत होती आणि मी बघत होते. पुसायला पदर हातात घेई आणि सोडून देई. शनिवारी वन्संचं पत्र आलं. दिवस भरत आले, पाळणा लवकर पोचवा.

पत्र वाचून, मुलीला खांद्यावर घेऊन मी तशीच जिना उतरले. आबा ओट्यावर लाख तापवत होते. म्हटलं, "आबा, पोरगी आत हुती."

ते पोच्याबद्दल बोलतील असं वाटलं होतं. ते पोरीकडे बघत राहिले. "कवा?"

"गेल्याच्या गेल्या मंगळवारी."

"डागदर?"

"न्हाई."

कांडी खाली ठेवून ते उठले. "आदी पोरगी. लाकूड कुठं पळून जातंय?" टोपी घातली आणि पुढे चालू लागले. डॉक्टरांनी पोरीला उलटंसुलटं करून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय ताणून बघितले आणि म्हणाले की काही झालेलं नाही. मी दवाखान्यातच रडायला लागले. आबा भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले आणि इस्त्री पेटवली. तीनदा वाफ दिली. पोचा उठला, वरून पॉलिशचा हात दिला, आणि शेवटी गोल पुसून ते म्हणाले, "माझ्याकडचा रिपोर्ट झाला. घरच्यांस्नी सांगायचं का कसं, ते तुझं तू बघ."

मी कुठली सांगते! मला उलट हाव सुटली. पाळण्याच्या वरच्या पट्टीला आतल्या अंगानं चार बारीक ठसे होते, तांदळाएवढे, एकमेकांलगत. ते आमचे नव्हते, आधीपासूनचे होते. पण वन्संची शंकेची नजर कुठेच अडकू नये म्हणून मी म्हटलं, "आबा, एवढं बी काढा की. सगळाच नव्यावानी दिसू दे."

ते वाकले. डोळे मिटून बोट फिरवलं. "तुज्या पोरीला दात आल्यात?"

"अजून न्हाई. का वो?"

ते पुन्हा बोट फिरवत राहिले. "हे मला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसंच." आणि सामान गोळा करून खाली गेले.

आबांना जमणार नाही? ज्या माणसानं आख्ख्या घराचे पोचे उठवले त्याला तांदळाएवढे चार ठसे उठवता येत नाहीत? मला वाटलं, म्हातारा दमला. मी खोटं बोलले त्याचा राग धरला असेल असंही वाटलं. सोमवारी सकाळी हे कचेरीत गेल्यावर मी मावशींची इस्त्री मागून आणली. शंभर वेळा बघितलं होतं, त्यात काय अवघड? फडक्याची घडी घातली, इस्त्रीचं टोक पहिल्या ठशावर टेकवलं. चुर्र झालं. फडकं उचललं तर लाकूड सपाट. बोटालासुद्धा काही लागेना. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

दुसऱ्या ठशावर घडी ठेवली तोच जिन्यात पावलं वाजली. खोकला नाही. आबा सरळ आत आले. वाफेचा वास खालपर्यंत गेला असावा.

"ठेव ती इस्त्री!"

त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. पोरगी दचकून रडायला लागली. आबांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि ते उंबऱ्यावरच बसले. मी म्हटलं, "चुकलं का वो काय?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता ऱ्हाऊ दे." त्यांच्या हातच्या कामात लुडबुड केली म्हणून रागावले असावेत, एवढाच अर्थ मी लावला.

निघायच्या दिवशी मावशींनी पाळण्यात नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले, पाळणा रिकामा पाठवू नये म्हणून. गोधडीत गुंडाळून तो एसटीच्या टपावर चढवला. कऱ्हाड जाईपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं. पोचा दिसेल का? पॉलिश जास्त चकाकतंय का? विचारलंच तर "रिकामा हुता" हे किती सहज म्हणायचं, त्याची मी मनातल्या मनात तालीम करत होते.

सांगलीला वन्सं पलंगावर बसल्या होत्या, दिवस अगदी भरलेले. यजमानांनी पाळणा त्यांच्यापुढे ठेवून गोधडी सोडली. त्यांनी माझा पोचा होता त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. हात थेट आत गेला, वरच्या पट्टीला. बोट सरकलं, थांबलं. परत मागे आलं, पुन्हा सरकलं.

"चार हुतं," वन्सं म्हणाल्या.



"चार दात हुतं गं त्येचं. वरचं दोन, खालचं दोन. पट्टीला धरून उबा ऱ्हायचा आन् चावत बसायचा." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "हितं तीनच लागत्यात."

त्यानंतर मी काय बोलले, कोणत्या क्रमानं बोलले, मला आठवत नाही. सगळं बाहेर पडलं. इस्त्री, ओलं फडकं, आणि मग मंगळवार, अर्धवट कडी, पोरगी आत होती, बारा दिवस लपवलं, डॉक्टर. यजमान दारात उभे होते. त्यांना हे सगळं तिथे, आपल्या बहिणीसमोर, पहिल्यांदा कळत होतं.

वन्संनी बराच वेळ पट्टीवरचं बोट काढलं नाही. मग विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"हाय."

"आन हिकडं."

मी मुलीला त्यांच्याकडे दिलं. पोट एवढं मोठं, मांडीवर जागा कुठली. त्यांनी तिला कुशीला धरलं. दुसरा हात परत पाळण्यात गेला. "तीन हायत," त्या म्हणाल्या. एवढंच. मला रागावल्या नाहीत आणि असू दे असंही म्हणाल्या नाहीत. पुढे त्यांना मुलगा झाला, त्याचं बारसं त्याच पाळण्यात झालं, आम्ही सगळे गेलो. पण त्या चौथ्या ठशाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. मला ते अजून सलतं. माझ्या मुलीचं टेंगूळ न उठता निभावलं, आणि त्यांच्या मुलाचं जगात जेवढं उरलं होतं त्यातलं एक चतुर्थांश मी वाफेनं घालवलं.

सातारला परत आल्यावर मी सामान जिन्यातच ठेवलं आणि आबांना सगळं सांगितलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"दात हुतं त्ये. बोटाला कळतंय की. तुज्या पोरीला दात न्हाईत म्हनलीस तवाच वळखलं. पर लेकुरवाळ्या बाईला गेलेल्या पोराचं कशाला सांगायचं, म्हनून गप बसलो. जमायचं न्हाई म्हनलो." आणि म्हणाले, "खोटं बोललो. सांगितलं असतं तर तू इस्त्री घेतली नसतीस."

मग त्यांनी खिशातून खडू काढला. गावाहून आणलेल्या, त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या दारावर, जिथे एक ओरखडा नाही की पोचा नाही अशा साफ जागी, एक गोल काढला. "ह्यो माझा," म्हणाले आणि आत गेले. मावशींनी संध्याकाळी दोनदा विचारलं, हे कसलं, इथं तर काहीच न्हाई.

पुढच्या रविवारी ते आंघोळीला गेलेले बघून मी खाली गेले. त्यांचा सदरा खुंटीला होता. खडू काढला आणि त्या गोलाच्या शेजारी दुसरा गोल काढला.

थोड्या वेळानं जिन्यात खोकला झाला. पण आबा वर आले नाहीत. खालूनच हाक आली, "ह्यो कुणाचा?"

मी मुलीला कडेवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी आले. "माझा, आबा."

"बरं," ते म्हणाले. सवयीनं त्यांचा हात शेंगदाण्यांच्या खिशात गेला, आणि तसाच रिकामा बाहेर आला.